नावे ठेवणारी आत्या

"नुसतं 'ओपन' म्हणजे काय? दार उघड, की दार उघडं आहे का?" आत्याने फळ्याकडे बोट केले. "ज्याला नुसत्या नावावरून हे कळतंय त्यानं हात वर करा."

लांब टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाचाही हात वर गेला नाही.

"नाही ना? मग पुसते." आणि फडके समोर असताना तिने तळव्यानेच तो शब्द पुसून टाकला. बैठका सुरू झाल्यापासून तिचा उजवा तळवा मार्करच्या शाईने निळाच असे. घरी नवरा म्हणे, हात धुऊन जेवायला बस, नाहीतर पोळीवरही काहीतरी लिहिलेलं निघेल.

कंपनी लहान होती. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यांना ती एक लायब्ररी विकत असे. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हती. लिफ्ट चालवायला जी जी कामे लागतात, दार उघडणे, मजला ओळखणे, वजन जास्त झाले की घंटा वाजवणे, त्यांचे प्रोग्रॅम तिच्यात तयार करून ठेवलेले होते आणि प्रत्येकाला एक नाव होते. कारखान्यातल्या इंजिनिअरने आपल्या प्रोग्रॅममध्ये ते नाव लिहिले की काम होत असे. नाव चुकले तर काहीच होत नसे. पण नाव फसवे असले, तर भलतेच होऊन बसे.

तसे ते मागच्या वर्षी होऊन बसलेही होते. एका कारखान्यातल्या इंजिनिअरने 'डोअर ओपन' हे नाव वाचले आणि त्याला वाटले, दार उघडे आहे का ते यातून कळत असेल. तो प्रश्न नव्हता, हुकूम होता. चाचणीच्या लिफ्टचे दार दोन मजल्यांच्या मध्येच सताड उघडले. आत माणूस नव्हता, वजनासाठी ठेवलेल्या वाळूच्या गोण्या होत्या. त्यातली एक खाली गेली. कारखान्याने तक्रारसुद्धा केली नाही, हसून सांगितले फक्त. पण आत्याच्या डोळ्यांपुढून ती गोणी हलेना.

म्हणून नव्या व्हर्जनमध्ये झाडून सगळी नावे एका शिस्तीत आणायची, असे ठरले होते. हे काम मनात आले की करता येत नाही. नाव बदलले की ते वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याला आपला प्रोग्रॅम बदलावा लागतो. यंदा लिफ्टमधली यंत्रेच नवी येणार होती, सगळ्यांना सगळेच बदलायचे होते. आत्ता केले तर केले, नाहीतर पुन्हा किती वर्षे ते घोंगडे भिजत पडले असते कोण जाणे.

वीसेक वर्षांत लायब्ररीत बरेच हात फिरले होते. मजल्याला कोणी 'फ्लोअर' म्हटले होते, कोणी 'लेव्हल'. बंद करण्याला कुठे 'क्लोज', कुठे 'शट'. कोणी दोन शब्द खालच्या रेघेने जोडले होते, कोणी दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून. एका गृहस्थाने तर नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात एका कामाला 'डू इट' एवढेच नाव देऊन ठेवले होते, आणि ते नेमके काय करते हे विचारायला तो आता सापडत नव्हता.

या सगळ्या पसाऱ्याचा हिशेब एकाच डोक्यात होता, तो आत्याच्या. नवे काही लिहिले की पोरे तिच्याकडे येत, "आत्या, याचं नाव काय ठेवू?" नाव ठेवायचा मान तिचा, म्हणून ती आत्या. खरे नाव पगाराच्या कागदावर उरले होते. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो येईल त्याला सांगे, "लोक फुकट नावं ठेवतात. आमच्या हिला त्याचा पगार मिळतो."

"आता मोठं अक्षर की खालची रेघ?" मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे बघत विचारले. त्या आत्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि बैठक जेवणापूर्वी संपावी अशी त्यांची रोजची आशा असे.

"रेघ," आत्या म्हणाली. "वाचायला सुटसुटीत."

"माझं एक ऐकाल का?" टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

तो कानसेन. महिन्याभरापूर्वीच लागला होता. त्याला जन्मापासून दिसत नसे. पडद्यावरचे सगळे त्याचा संगणक त्याला कानात वाचून दाखवी, तेही इतक्या वेगाने, की शेजारच्याला भांडण चालल्यासारखे वाटावे. कानसेन हे नाव त्याने पहिल्या दिवशी स्वतःच स्वतःला ठेवून घेतले. "तुम्ही मागे काहीतरी ठेवणारच, त्यापेक्षा मीच चांगलं बघून ठेवतो," म्हणाला.

"रेघ आली की माझं मशीन ती वाचतं," तो आता म्हणाला. "'डोअर अंडरस्कोर क्लोज अंडरस्कोर टाइम'. दिवसभर कानात अंडरस्कोर अंडरस्कोर. एखाद्या दिवशी बायकोला अंडरस्कोर म्हणून हाक मारीन. मोठं अक्षर असलं की शब्द नीट वेगळे ऐकू येतात."

आत्याने जरा विचार केला. रेघेची तिला वीस वर्षांची सवय होती. मग तिने फळ्यावर लिहिलेली रेघ पुसली. "चालेल. मोठं अक्षर."

असे करत करत नियम जमले. प्रश्न असेल तर नाव 'इज'ने सुरू करायचे. हुकूम असेल तर आधी क्रियापद. एका गोष्टीला एकच शब्द, मग तो कोणाला आवडो न आवडो. शब्दांची काटछाट नाही. शेवटचा नियम मॅनेजरबाईंनी घातला, "स्पेलिंग शब्दकोशातलं." आणि आत्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "एक सोडून."

टेबलाभोवती हशा पिकला. आत्याही हसली. कानसेनही हसला.

त्यानंतर दोन-तीन दिवस कानसेनची मान खालीच होती. चहाला उठला नाही, विनोद केला नाही. एका दुपारी आत्या त्याच्या खुर्चीमागून जात होती, तर तो कानातले काढून कपाळ चोळत बसलेला.

"काय झालं रे?"

"काही नाही." मग राहवले नाही त्याला. "आत्या, हे मशीन मला वेडा ठरवणार. ऐका." त्याने आवाज मोठा केला आणि वेग कमी केला. मशीनने सांगितले, 'रिसीव्ह कॉल' या नावाचे काही सापडले नाही. कानसेनने लायब्ररीची यादी उघडली. मशीनने तितक्याच शांतपणे वाचले, 'रिसीव्ह कॉल'. "बघा! आहे पण म्हणतं आणि नाही पण म्हणतं. कालपासून हेच चाललंय. सगळं उलटंपालटं करून बघितलं. नवीन माणूस, विचारायची लाज वाटते."

आत्याने पडद्याकडे पाहिले आणि तिला हसू आवरले नाही. "अरे, तू बरोबर लिहिलंस म्हणून चालत नाहीये ते!"

मजल्यावरचे बटण कोणी दाबले की लिफ्टकडे जो निरोप येतो, तो घेण्याच्या कामाचे ते नाव होते. इंग्रजीत त्या शब्दात आधी ई येतो, मग आय. लायब्ररीत आधी आय होता, मग ई. पहिल्यापासून. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी खटके, तो हसे आणि मुकाट्याने चुकीचे लिहायला शिके. कानाला मात्र दोन्ही सारखेच.

आत्याने हे सांगितले तेव्हा कानसेनने मशीनचा आवाज बंद केला.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो रे. सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. डोळ्यांना सवय झालीय."

"परवा बैठकीत हसलात ते यालाच?"

"हो."

"मीपण हसलो होतो," कानसेन म्हणाला. "सगळे हसले म्हणून."

तो रागावलेला नव्हता. कानातले पुन्हा घालून त्याने दोन अक्षरे उलटी केली आणि कामाला लागला. पण आत्या आपल्या जागेवर जाऊन बसली, तिचा चहा निवला, तरी तिने पेल्याला हात लावला नाही.

तिला मास्तर आठवले होते.

कंपनी मास्तरांनी काढलेली. आधी ते लिफ्टची दुरुस्ती करत. हातपाय काळे करून घेता घेता संगणक शिकले, इंग्रजी शिकले, तेही कोणाकोणाचे बोलणे ऐकून. आत्या त्यांच्याकडे लागली तेव्हा ऑफिस म्हणजे एक खोली, एक संगणक आणि दोन खुर्च्या. तिला त्यांनी हाताला धरून सगळे शिकवले. दहा वेळा चुकले तरी अकराव्यांदा तितक्याच शांतपणे सांगत. तिचे वडील गेले तेव्हा पंधरा दिवस एकट्याने तिचेही काम ओढले आणि परत आल्यावर "बैस, इथपर्यंत आलोय," एवढेच म्हणाले.

पुढे एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे दोघे गेले होते. तिथल्या सुटाबुटातल्या तिघांनी छापलेल्या कागदावर तो शब्द पाहिला, एकमेकांकडे सरकवला आणि हसले. मास्तरही हसले. मोकळेपणाने, मान हलवत. ते कशाला हसताहेत हे मास्तरांना कळलेले नाही, हे आत्याला त्यांच्या तोंडाकडे बघूनच समजले. तिला भरून आले. "ते नाव आमच्याकडे असंच लिहितात," ती फटकन म्हणाली आणि कागद ओढून घेतला.

तेव्हापासून त्या नावाला तिने कोणाला हात लावू दिला नाही. मॅनेजरबाईंनी विचारले, पोरांनी विचारले. दर वेळी ती सांगे, गिऱ्हाइकांना त्रास होईल. मास्तर निवृत्त झाले तरीही. कारण प्रत्येक नवे व्हर्जन मास्तर घरी मागवून घेत आणि वाचून काढत.

त्या संध्याकाळी ती मॅनेजरबाईंच्या टेबलाशी गेली. "ते रिसीव्हचंपण बदलू या."

"मी कधीपासून म्हणतेय! तुम्हीच तर–"

"हो, मीच. मला फक्त रविवारपर्यंत वेळ द्या. एकांना सांगून येते."

मास्तर राहत त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आत्या जिना चढून वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि मास्तर दारातच उभे होते.

"ये, ये. आत्याबाई आल्या, गं!" त्यांनी आत बघून हाक दिली. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात मंदावला होता, पण आवाज तसाच खणखणीत होता. "दम खा आधी. या घरात येणारा प्रत्येक माणूस पहिली पाच मिनिटं मुका असतो."

बाहेरच्या खोलीत दार काढलेले एक जुने लाकडी कपाट होते. त्यात मास्तरांनी लिफ्ट बसवली होती. चार मजले, प्रत्येक मजल्याला बटण, काड्यापेटीएवढा पाळणा. शेजारची मुले त्यातून बाहुल्या फिरवायला येत. ती लायब्ररीवरच चाले; जुन्या संगणकाची वायर कपाटाच्या मागून गेलेली होती.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पाणी दिले, खुशाली विचारली, आत्याच्या नवऱ्याचे गुडघे कसे आहेत म्हणून चौकशी केली. आत्याने येताना वाक्ये जुळवून आणली होती. ती सगळी जिन्यातच सांडली असावीत.

"मास्तर, नवीन व्हर्जन येतंय."

"कळलं मला. नावं बदलताय म्हणे."

"हो. बरीचशी."

"मी ठेवलेल्यातली किती उरली?"

"कामं सगळी तुमचीच आहेत, अहो. त्यांना कोणी हात लावलेला नाही. नावं तेवढी एका शिस्तीत आणतोय."

"आणा की. आम्ही घाईघाईत ठेवली. लिफ्ट हलली पाहिजे एवढंच डोक्यात, नावाकडे बघतो कोण!" ते हसले. "एवढं सांगायला जिने चढलीस?"

आत्याने पेला खाली ठेवला. "एक नवीन माणूस आलाय आमच्याकडे. हुशार आहे. त्याला दिसत नाही, सगळं ऐकून लिहितो. तो दोन दिवस एका नावावर अडकून पडला. रिसीव्ह कॉल. म्हणजे त्यात, स्पेलिंग जरा... दोन अक्षरं उलटी पडलीयत. ऐकणाऱ्याला ते कळत नाही."

 मास्तरांनी कपाटातल्या लिफ्टकडे पाहिले. आत काकू भांडी लावत होत्या तेवढा आवाज होता. आत्याला वाटले, आपण हे करायला नको होते. पत्र पाठवायचे, फोन करायचा, नाहीतर गप्प बसायचे.

"दोन दिवस?" मास्तरांनी विचारले.

"हो."

"अरेरे." आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ते होय! ते तुझं ना?"

"माझं?"

"तर काय! तू नवीन होतीस तेव्हा. काय रडकी होतीस गं, काही म्हटलं की डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, जाऊ दे, दोन अक्षरांसाठी पोरीला कशाला दुखवा. मग ते राहूनच गेलं."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. ती एका खोलीतली संध्याकाळ तिने आठवून पाहिली. दोन खुर्च्या होत्या, एक कीबोर्ड होता. कोण सांगत होते आणि कोण लिहीत होते, हे काही केल्या आठवेना. दोघे आळीपाळीने बसत. तिचेही असू शकेल की!

"आणि मी इतकी वर्षं तुमचं समजून झाकत बसले!" ती म्हणाली आणि तिला हसू फुटले. मास्तरही हसू लागले. दोघांना आवरेना. काकू ओला हात पदराला पुसत बाहेर आल्या, "काय झालं एवढं?" पण सांगायला दोघांपैकी कोणालाच जमेना.

"चल," डोळे पुसत मास्तर उठले. "नवीन व्हर्जन आणलंयस ना? घाल माझ्या मशीनवर. ते नाव मी बदलतो."

आत्याने ते घातले, हसत हसतच बाकीची नावे भराभर बदलली आणि ते एक मास्तरांसाठी ठेवले. अपेक्षेप्रमाणे प्रोग्रॅम अडला. पडद्यावर लाल ओळ आली, या नावाचे काही सापडले नाही. मास्तर खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि एका बोटाने जुने नाव शेवटाकडून एकेक अक्षर खोडत आले. सुरुवातीची तीन अक्षरे उरली तेव्हा थांबले. बोट कीबोर्डवर तरंगत राहिले. ते एकदा डावीकडे गेले, मग उजवीकडे, पण खाली टेकले नाही.

आत्या अजून हसतच होती. ते बोट दिसले आणि ती गप्प झाली.

"आधी कुठलं गं?" मास्तरांनी मागे न बघता विचारले. "ई का आय?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला स्पेलिंग कधी विचारले नव्हते. अडले की म्हणत, तू लिही, माझे डोळे दुखतात. ती लिही. तिने कधी खोदून विचारले नव्हते, त्यांनी कधी सांगितले नव्हते.

आत्याने दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"आधी ई," ती म्हणाली. "मग आय."

मास्तरांनी ई दाबला. आय दाबला. पुढची अक्षरे सावकाश पुरी केली. लाल ओळ गेली. काकूंनी सहज जाता जाता तिसऱ्या मजल्याचे बटण दाबले, तशी कपाटातली दोरी करकरली आणि पाळणा वर निघाला. मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते. ते तो शब्द बघत होते.

"बरं दिसतं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "या माझ्या प्रोग्रॅममध्ये आणखी असतील ना गं अशी? मी माझ्या मनानं लिहिलेली?"

आत्याने पडद्यावरून नजर फिरवली. होती. वरपासून खालपर्यंत होती.

"आहेत थोडी," ती म्हणाली.

"मग सांग. आज बसलोय तर होऊन जाऊ दे."

मास्तरांनी चष्मा नाकावर वर सरकवला, बोट कीबोर्डवर ठेवले आणि तिच्या पहिल्या अक्षराची वाट बघू लागले.